पत्र वाचायची रीत

सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या मागच्या लोखंडी पट्टीवर निळ्या-पिवळ्या रंगात काहीतरी लिहिलं होतं आणि आंपारोने ते वाचलं. एवढंच झालं. सकाळचे आठ वाजले होते, फेलिसिआनोच्या एका हातात गरम तोर्तियांचं, मक्याच्या भाकऱ्यांचं, फडकं होतं, दुसऱ्या हातात नातीचं बोट. ट्रकवाले गाडीच्या पाठीवर काय वाटेल ते रंगवून घेतात. कुणी देवाचं नाव, कुणी सासूला टोमणा, कुणी सोडून गेलेल्या बाईला शिव्याशाप. फेलिसिआनोने उभ्या आयुष्यात ते कधी मनावर घेतलं नव्हतं. पण आंपारो फुटपाथच्या कडेला थबकली, ओठ हलवत एकेक अक्षर जुळवत राहिली आणि मग म्हणाली, "आता, माझी, वाट, बघू, नकोस." मान वर करून तिने आजोबांकडे पाहिलं. बरोबर आलं की नाही एवढंच तिला हवं होतं. त्यातली दोन अक्षरं फेलिसिआनोने तिला अजून शिकवलेलीच नव्हती. "नाही गं," तो म्हणाला, "'माझी वाट बघ' असं आहे ते." तिने पुन्हा ट्रककडे पाहिलं. "शेवटी 'नको' नाहीये?" "नाही." सिग्नल सुटला, ट्रक काळा धूर सोडून निघून गेला. "बरं," आंपारो म्हणाली आणि त्याचं बोट पुन्हा धरलं. सहा वर्षं आणि दोन महिन्यांची मुलगी. बरोबर वाचलं होतं तिने, अगदी अक्षर न् अक्षर. आणि तिला चूक म्हणून सांगणारा माणूस कोण, तर ज्याने अडतीस वर्षं लोकांची पत्रं लिहून आणि वाचून पोट भरलं तो.

खोटं बोलायचं म्हणून तो बोलला नव्हता, हीच तर खरी गोम होती. तोंडातून ते आपसूक गेलं, सवयीने. मेक्सिको शहराच्या त्या जुन्या चौकात, कमानींच्या खाली, टाइपरायटर घेऊन बसणाऱ्यांच्या रांगेत तो बसायचा. त्याच्या एका बाजूला लग्नपत्रिका छापणारे, दुसऱ्या बाजूला अर्ज लिहून देणारा एक म्हातारा वकील. ज्यांना लिहिता येत नाही ते येऊन समोरच्या स्टुलावर बसत आणि तो त्यांचं प्रेम, त्यांची भांडणं, त्यांच्या तक्रारी कागदावर उतरवून देई. कधी कुणी आलेलं पत्र घेऊन येई, तेव्हा वाचून दाखवी. वाचताना कागदाकडे नाही, समोरच्या तोंडाकडे बघायचं असतं, हे त्याला पहिल्याच वर्षी कळलं. क्रेसेन्सिया नावाची धुणं धुणारी बाई होती, तिचा मुलगा सीमेपलीकडे शेतात मजुरीला गेला होता. त्याच्या पत्राची शेवटची ओळ अशी होती की आई, तू मेलीस तरी मी तुझ्या मातीला येणार नाही. बाईचे हात सोड्याने सोलवटलेले होते, ती ते मांडीवर उलटे ठेवून ऐकत होती. फेलिसिआनो शेवटच्या ओळीपर्यंत आला, थांबला, आणि म्हणाला, "तुझा लाडका मुलगा, इग्नासिओ." लाडका हा शब्द त्याने पदरचा घातला. पुढच्या पत्रात त्याने एक ओळ गाळून दोन घातल्या. त्याच्या पुढच्या वेळी इग्नासिओ येतो म्हणाला, ख्रिसमसला. मग क्रेसेन्सिया दर वर्षी ख्रिसमसच्या आठवड्यात उत्तरेकडच्या गाड्या येतात त्या बसस्थानकावर जाऊन बसू लागली, डब्यात त्याच्या आवडीचे, मक्याच्या पानांत वाफवलेले तामालेस घेऊन. अकरा वर्षं. फेलिसिआनोला ते ठाऊक होतं, आणि तरी पत्र आलं की तो तसंच वाचायचा, कारण एकदा सुरू केलेलं मध्येच कसं सोडणार. एकदा ती स्टुलावरून उठताना सहज म्हणाली होती, "मास्तर, तुम्ही वाचता तेव्हा तो फार गोड बोलतो हो. घरात असताना असा कधी बोलला नाही." त्या वेळी तो हसला होता. रात्री जेवताना बायकोला त्याने ते गंमत म्हणून सांगितलं, आणि बायको हसली नव्हती.

मुलीला, एल्वीरालासुद्धा, त्यानेच वाचायला शिकवलं, ह्याच घरात, ह्याच टेबलाशी, मेणकापडाच्या ह्याच लाल चौकड्यांवर. तेव्हा बायको जिवंत होती, चुलीशी उभी राहून मुलीच्या आवाजाकडे कान द्यायची. सगळी पोरं जिथून सुरुवात करतात तिथूनच एल्वीरानेही केली, 'माझी आई माझे लाड करते' ह्या वाक्याने. तिने पहिल्यांदा ते अडखळत पुरं वाचलं तेव्हा बायकोने एप्रनला डोळे पुसले आणि लगेच म्हणाली की मिरचीची धग लागली. पाचव्या वर्षी एल्वीरा साबणाच्या वड्या वाचायची, औषधाच्या बाटल्या वाचायची, भिंतीवरच्या निवडणुकीच्या घोषणा वाचायची. कमानींखाली त्याच्या टेबलाच्या पायाशी बसून गिऱ्हाइकांची पत्रं वाचायची आणि म्हणायची, "बाबा, तुम्ही एक ओळ सोडली." मग तो डोळे मोठे करी. पुढे ती म्हणेनाशी झाली. बाविसाव्या वर्षी तिने एका वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली शिकागोच्या कुठल्याशा कारखान्याची जाहिरात वाचली, आणि दोन वर्षांच्या आंपारोला त्याच्या मांडीवर ठेवून निघून गेली. मुलीच्या बापाचं नाव तिने कधी सांगितलं नव्हतं. वर्षभरात परत येते म्हणाली होती. फेलिसिआनो नंतर कितीतरी वेळा ह्याच टेबलाशी बसून विचार करायचा की वाचायलाच शिकवलं नसतं तर. मग स्वतःचीच लाज वाटायची त्याला.

तिची पत्रं येत राहिली, आधी महिन्याला, मग तीन महिन्यांनी, मग फक्त नाताळ आणि ईस्टरला. ती नीट मुद्देसूद लिहायची, बापाकडून शिकलेली. पहिल्या वर्षी तिला आंपारोची आठवण यायची, दुसऱ्या वर्षी थंडीने बोटं फुटायची, तिसऱ्या वर्षी एक माणूस होता, चांगला होता, जास्त प्रश्न विचारायचा नाही. आंपारो मात्र त्याच्या गुडघ्यावर बसून तीन वर्षं वेगळीच पत्रं ऐकत आली होती. त्या पत्रांत आई तिच्या दातांबद्दल विचारायची, केस कापले का विचारायची, तिकडच्या बर्फाचं गमतीचं वर्णन करायची, आणि दर पत्राच्या शेवटी म्हणायची की जाकरांदा फुलली की मी येते. जाकरांदा ह्या शहरात दर मार्चला फुलते, तिला दुसरा उद्योगच नाही. आताही चौकातली सगळी झाडं जांभळी झाली होती, टाइपरायटरच्या पट्ट्यांत फुलं अडकत होती. शब्द निवडण्यात आयुष्य गेलं आणि घरच्या पोरीला देताना इतका वेंधळा शब्द कसा निवडला, ह्याचा त्याला राग यायचा. दरवर्षी येणारी गोष्ट कधी सांगायची नसते. हे कुठल्याही नवशिक्यालाही कळलं असतं.

म्हणून तो तिला हळू शिकवत होता. शेजारपाजाऱ्यांना वाटायचं, मास्तर किती मन लावून शिकवतात. मासळीवालीला त्याने एका आठवड्यात सही शिकवली होती, एका पहारेकऱ्याला पावसाळ्याच्या एका हंगामात वाचायला. आणि नातीला दीड वर्षात अर्धी अक्षरं. ते लाडांचं वाक्य त्याने घेतलंच नाही, थेट पुस्तकातल्या अंघोळ करणाऱ्या अस्वलाच्या धड्यावर आला, आणि अस्वलाशीच रेंगाळत राहिला. अस्वल साबण लावतं, अस्वल अंग पुसतं, अस्वल उन्हात बसतं. आंपारो कंटाळून म्हणायची, "किती धुतं हो आजोबा हे अस्वल. ह्याला दुसरं काम नाही का?" तो म्हणायचा, घाई करायची नाही, पाया पक्का हवा. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होणार होती आणि तिथल्या बाईंनी दोन महिन्यांत तिला सगळं शिकवलं असतं, हे काय त्याला कळत नव्हतं? कळत होतं. पण सप्टेंबर अजून लांब होता, आणि लांब असलेल्या गोष्टीकडे न बघता दिवस काढता येतात. पत्रं त्याने जुन्या टाइपरायटरच्या पेटीत, कपाटावर ठेवली होती. जाळून टाकावीत असं शंभरदा मनात आलं होतं. पण लिहिलेला कागद जाळायला हात धजत नव्हता, धंद्यामुळे म्हणा किंवा त्या एल्वीराच्या अक्षरामुळे म्हणा. ते अक्षर त्याने स्वतः तिचा हात धरून वळवलं होतं.

तोर्तिया आणि घेवड्याची उसळ खाऊन झाली, आंपारोची वेणी घातली, टोपी घेऊन तो खाली उतरला तेव्हा चाळीच्या अंगणातल्या धुण्याच्या हौदाशी रेमेदिओस चादर आपटत होती. ही चाळीची रखवालदारीण, दिवसभर पोरीकडे लक्ष ठेवायची. तोंडाची फटकळ आणि मनाची मऊ बाई, तिला अक्षरओळख नव्हती. तिच्या बहिणीची पत्रंही फेलिसिआनोच वाचायचा.

"मास्तर, थांबा जरा," ती म्हणाली. "रागवणार नसाल तर सांगते."

"तुमच्यावर रागावून माझी टोपी धुवायची कोणी?"

"थट्टा नाही हो. तुमची पोरगी खुर्चीवर स्टूल ठेवून कपाटावर चढते. मान मोडून घेईल एखाद दिवशी. ती वरची काळी पेटी काढते आणि बसते पत्रं घेऊन."

"कधीपासून?"

"झाले की दोन-तीन महिने. मी म्हटलं असू दे, आईचीच आहेत, वाचू दे पोर." तिने चादर पिळायला त्याच्या हातात एक टोक दिलं आणि त्यानेही ते मुकाट्याने धरलं. "पण बिचारी रडकुंडीला येते. तुम्ही वाचून दाखवलेलं सगळं तिला तोंडपाठ आहे, ते म्हणत म्हणत ओळीवर बोट फिरवते. आणि म्हणते, रेमेदिओसमावशी, आजोबा वाचतात तसं ह्यात येतच नाही. दात म्हणून बोट ठेवलं तर तिथे भलतंच काही असतं. मी कुठे चुकते? मी म्हटलं, बाई गं, मास्तर चाळीस वर्षं वाचतायत, ते नाही चुकायचे. तूच चुकत असशील, परत बघ. मग परत पहिल्यापासून धरते. जिद्दीची आहे हो. तुमच्यावर गेली."

चादरीतलं पाणी त्याच्या बुटांवर पडत होतं. "हां," तो म्हणाला. "बरं केलंत सांगितलंत."

चौकापर्यंत तो कसा गेला ते त्याला नंतर आठवलं नाही. कमानींखाली नेहमीच्या जागी बसला, टाइपरायटरवरची फुलं फुंकून काढली, कागद चढवला. समोर एक पोरसवदा शिपाई येऊन बसला आणि लाजत लाजत म्हणाला की तिला लिहा, मी वाट बघतोय. फेलिसिआनोची बोटं टाइपरायटरच्या कळांवर गेली आणि तिथेच राहिली. त्याच्या डोळ्यांपुढे आंपारो होती, फरशीवर मांडी घालून बसलेली, एका हातात आईचा कागद आणि तोंडात आजोबांची वाक्यं. ती एकमेकांवर बसवायला बघते आहे, बसत नाहीत, म्हणून पुन्हा सुरुवातीला जाते आहे. दोन-तीन महिने. वाचता न येणाऱ्याला त्याने जन्मभर फसवलं, ते एक वेळ ठीक. तो समजत होता की ती दया आहे, आणि थोडी होतीही. पण ही वाचत होती. स्वतःच्या डोळ्यांनी खरं बघत होती आणि आजोबा चुकणार नाहीत म्हणून स्वतःला ढ समजत होती. आणि आज सकाळी, ज्या एका गोष्टीत तिला कुणाचा आधार लागत नव्हता, त्या ट्रकवरच्या पाच शब्दांतही त्याने तिला चूक ठरवलं. शिपायाने विचारलं, "काय झालं मास्तर, लिहिता ना?" तो म्हणाला, "आज हात दुखतोय रे. तिकडे पलीकडच्या माणसाकडे जा, तो चांगलं लिहितो." आणि कव्हर घालून तो निघाला. वाटभर एकच गोष्ट मनात घोकत होता, घरी जाऊन तिला सांगायचं, तू बरोबर वाचलंस. आधी ट्रकचं सांगायचं. मग हळूहळू बाकीचं. ट्रकपासून सुरुवात केली तर जमेल, असं त्याला वाटत होतं. अंगणात शिरेपर्यंत तरी वाटत होतं.

तो जिना चढत होता तेव्हाच दारावर पोस्टमनची शिट्टी वाजली. आंपारो त्याच्या बाजूने खाली धावली आणि त्याला वळून बघायलाही वेळ न देता परत वर आली. पाकिटावर लाल-निळ्या कडा होत्या. "शिकागो," तिने वाचलं. ह्या वेळी तिने बरोबर की चूक असं विचारलं नाही. टेबलाशी जाऊन ती स्वतःच्या खुर्चीवर गुडघे टेकून बसली, पाकिटाची कड नीट फाडली आणि म्हणाली, "आज मी वाचून दाखवते. तुम्ही बसा समोर."

"आधी ऐक, आंपारो. सकाळी तो ट्रक—"

"मग सांगा. आधी हे."

तो समोर बसला. गिऱ्हाइकाच्या जागी. अडतीस वर्षं तो टेबलाच्या त्या बाजूला होता, आणि ह्या बाजूची माणसं हात कुठे ठेवतात हे त्याला पाठ होतं. त्याने आपले हात मांडीवर ठेवले. आंपारोने कागद मेणकापडावर पसरला. एकच पान होतं. त्याच्या बाजूने ते उलटं दिसत होतं, पण त्याला काय त्याचं. टेबलापलीकडून लोकांच्या हातातलं उलटं वाचण्यात सगळी उमर गेली होती. नको म्हटलं तरी डोळे वाचणारच.

बाबा, माझं लग्न झालं आहे, असं तिथे लिहिलं होतं. एप्रिलमध्ये बाळ होईल. ह्यांना आंपारोबद्दल मी सांगितलेलं नाही आणि आता सांगता येण्यासारखं नाही. मी तिला इकडे आणू शकणार नाही आणि मीही येणार नाही. ह्यापुढे पत्रं पाठवणं जमणार नाही, तुम्हीही इकडे लिहू नका. तिला काय सांगायचं ते तुम्ही सांगा, तुम्हाला ते जमतं. खाली एल्वीराची सही, पूर्ण नावानिशी, अर्जाखाली करावी तशी.

आंपारोचं बोट पहिल्या ओळीखाली सरकू लागलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दुसरी ओळ, तिसरी. स्वतःच्या नावाशी बोट थांबलं. मग पुढे गेलं, आणि पुढच्या ओळीच्या शेवटी पुन्हा थांबलं, आणि ह्या वेळी बराच वेळ तिथेच राहिलं. खाली हौदावर रेमेदिओस कुणाशी तरी मोठ्याने हसत होती. फेलिसिआनो त्या बोटाकडे बघत होता. नख वाढलं होतं, कापायला हवं होतं. आता ती रडेल, त्याला वाटलं. रडू दे. रडली तर मी उठून तिला जवळ घेईन आणि तू बरोबर वाचलंस म्हणेन, आणि निदान एवढं एक तरी आमच्यात खरं राहील. तो खुर्चीवरून अर्धवट उठलाही. तेवढ्यात तिने मान वर केली आणि कागदाकडे न बघता, त्याच्या तोंडाकडे बघत वाचायला सुरुवात केली.

"प्रिय बाबा," ती म्हणाली. "मी बरी आहे. इथे खूप बर्फ आहे. आंपारोचा पुढचा दात पडला का? तिचे केस कापू नका. तुमचा खोकला कसा आहे? औषध वेळेवर घेत जा आणि चौकात उन्हात बसू नका." इथे तिने आवाज जरा खाली आणला, शेवटाकडे येताना तो आणायचा तसाच. "ह्या वर्षी कारखान्यात सुट्टी देत नाहीत. पुढच्या वर्षी बघते. तुमची लाडकी मुलगी, एल्वीरा."

जाकरांदाचं नाव तिने घेतलं नाही. ते त्याच्या लक्षात आलं. त्याच्याहून बरं जमलं होतं तिला. कधी येणार हे तिने मोघम ठेवलं होतं, आणि खोकला पदरचा घातला होता. एल्वीराने चार वर्षांत एकदाही त्याच्या खोकल्याची चौकशी केली नव्हती.

तो उभाच होता. आता सांगायला हवं होतं की असं लिहिलेलं नाही. पण मग काय लिहिलंय ते म्हणावं लागलं असतं, मोठ्याने, ह्या खोलीत, आणि ते तिने आत्ताच त्याच्यासाठी गिळलं होतं. किंवा तसं काही नसेलही. कदाचित तिने एवढाच निष्कर्ष काढला असेल की कागदावर एक असतं आणि वाचायचं दुसरं असतं, मोठी माणसं तसंच करतात, तीन महिने आपण उगाच घोळ घालत बसलो. ह्या दोन्हींतलं काय जास्त वाईट, ते त्याला ठरवता येईना. तो पुन्हा खाली बसला.

आंपारो त्याच्याकडे बघत होती. सकाळी ट्रकपाशी बघितलं होतं तशी.

"असंच वाचायचं असतं ना, आजोबा?"

बोट अजून कागदावर होतं, त्याच ओळीखाली, जिथे ते थांबलं होतं तिथेच.

"हो," फेलिसिआनो म्हणाला. "छान वाचलंस. फक्त बोट ठेवायचं नाही. बोट थांबलं की समोरच्याला कळतं."

"बरं," आंपारो म्हणाली, आणि तिने बोट उचललं.